अण्णाकाकांचं नाशिक

अण्णाकाका जुलैत गेले, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी. तेव्हा भर पावसात आम्ही सगळे नाशकात जमलो, दिवसकार्य उरकलं आणि आपापल्या गावी पांगलो. त्यांच्याबद्दल निवांत बोलणं असं झालंच नाही. म्हणून डिसेंबरात मी आणि दादानं रजा काढली. काकू एकट्या आहेत हे एक कारण होतंच. पण अठ्ठावीस वर्षं लष्करात आणि त्यानंतर एक्केचाळीस वर्षं नाशकात काढलेल्या माणसाचं गाव एकदा सलग बघावं, असं मला फार वाटत होतं.

शुक्रवार

पुण्याहून सकाळी सातला निघूनही चाकणनं तासभर खाल्लाच. पुढे नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, आणि सिन्नर मागे पडल्यावर हवा बदलली. काच खाली केली तर गार वारा थेट कानात. निफाडकडे पारा एक आकडी झाल्याच्या बातम्या आदल्या दिवशीच वाचल्या होत्या. शिंदे-पळसे ओलांडून नाशिकरोडला बिटको चौकात वळलो आणि विहितगाववरून लॅम रोडला लागलो. तिथून पुढे देवळाली कॅम्पची जुनी झाडं सुरू होतात.

काकू फाटकाशीच उभ्या होत्या. शाल, कानाला स्कार्फ आणि हातात काकांची काठी. "चहा टाकलाय, आधी आत या," एवढंच बोलल्या. घर आहे तसंच आहे. बाहेरच्या खोलीत काकांची वेताची खुर्ची, भिंतीवर एका लहानशा विमानाचा काळा-पांढरा फोटो आणि त्याखाली टेबलावर दुर्बीण. जेवायला भरीत, बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा.

जेवताना खिडकीची तावदानं थरथरली. मग लांबून एक जाड, दबका आवाज आला. दादानं दचकून वर पाहिलं. काकूंनी भाकरी मोडता मोडता सांगितलं, "फायरिंग आहे. बहुलाच्या बाजूला." देवळालीत तोफखान्याचं स्कूल आहे, बहुला किल्ला त्यांच्या फायरिंग रेंजमध्येच येतो. इथल्या लोकांना हा आवाज रोजचा. काका आवाजावरून तोफ ओळखायचे. हलकी १०५ मिलिमीटरची की लांब पल्ल्याची १३०, की नंतर आलेली बोफोर्स, हे ते हातातलं वर्तमानपत्र खाली न ठेवता सांगत. पण निवृत्तीनंतर फायरिंगची प्रात्यक्षिकं बघायला ते एकदाही गेले नाहीत. आमंत्रणं दरवर्षी यायची. का जात नव्हते, ते मला दुसऱ्या दिवशी थोडंसं कळलं.

शनिवार

सकाळी काकूंनी लोखंडी ट्रंक उघडायला लावली. वर गणवेश, त्याखाली नकाशांच्या गुंडाळ्या आणि तळाशी लॉगबुकं. वैमानिकाचं लॉगबुक म्हणजे त्याच्या प्रत्येक उड्डाणाची नोंद: तारीख, विमानाचा प्रकार, क्रमांक, काम, वेळ. दिवसाची उड्डाणं काळ्या शाईत, रात्रीची लाल. काकांचं अक्षर वळणदार, कुठेही खाडाखोड नाही.

आमच्या लहानपणी लग्नकार्यात काका भेटले की सगळी पोरं त्यांना विचारायची, "काका, तुम्ही किती विमानं पाडली?" ते सांगायचे, "एकही नाही. माझ्या विमानाला बंदूकच नव्हती." पोरांचा हिरमोड व्हायचा. खरं सांगायचं तर मोठ्यांचाही व्हायचा. फायटर पायलट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काहीतरी उभं राहतं. 'एअर ओपी' म्हटलं की कुणालाच काही कळत नाही. म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

एअर ओपी म्हणजे एअर ऑब्झर्व्हेशन पोस्ट, तोफखान्याची हवेतली टेहळणीची चौकी. तोफा लक्ष्यापासून कितीतरी किलोमीटर मागे असतात. गोळा कुठे पडणार ते तोफ डागणाऱ्याला दिसत नाही. ते बघून सांगणारा माणूस पुढे लागतो. सपाट मुलखात, उसाच्या आणि भाताच्या रानात, जमिनीवरून फार लांबचं दिसत नाही, म्हणून हा माणूस लहान विमानातून वर जातो. ही विमानं हवाई दलाचे वैमानिक चालवत नसत. तोफखान्याचेच अधिकारी उड्डाण शिकायचे. आधी गनर, मग पायलट. काका १९५६ साली तोफखान्यात अधिकारी झाले आणि काही वर्षांनी उडायला शिकले. लष्कराच्या हवाई शाखेला, आर्मी एव्हिएशन कोअरला, वेगळं अस्तित्व मिळालं ते १ नोव्हेंबर १९८६ रोजी. काका त्याच्या दोन वर्षं आधी लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झाले. त्यामुळे त्यांच्या बिल्ल्यावर शेवटपर्यंत तोफच राहिली, आणि त्यांना त्याचा अभिमान होता.

पहिल्या लॉगबुकात ऑस्टर विमान आहे, ब्रिटिशांकडून आलेलं, पंख वरच्या बाजूला असलेलं. पुढच्यात 'कृषक'. हिंदुस्तान एअरोनॉटिक्सनं (एचएएलनं) बनवलेलं हे विमान, भिंतीवर फोटो आहे तो त्याचाच. कापणी झालेल्या शेतात किंवा कच्च्या रस्त्यावरही ते उतरवता यायचं. झाडांच्या उंचीवरून आपल्याच हद्दीत उडत राहायचं, बॅटरीकडून, म्हणजे तोफांच्या तुकडीकडून, वायरलेसवर 'शॉट' ऐकू आलं की सेकंद मोजायचे, गोळा पडायच्या सुमारास वर यायचं, धूर कुठे उठतो ते बघायचं आणि लगेच खाली जायचं. गोळा अलीकडे पडला तर 'ॲड ४००'. पुढचा पलीकडे गेला तर 'ड्रॉप २००'. असं अंतर निम्मं निम्मं करत लक्ष्य दोन गोळ्यांच्या मध्ये पकडायचं, आणि खात्री झाली की 'फायर फॉर इफेक्ट'. मग सगळ्या तोफा एकदम. शत्रूचं लढाऊ विमान मागे लागलं तर जमिनीलगत जाऊन हळू उडायचं आणि अगदी लहान वळणं घ्यायची. वेगवान विमानाला तेवढी वळणं घेता येत नाहीत. बचाव एवढाच.

म्हणजे काकांची सगळी नोकरी दोन गोष्टींवर उभी होती. बघणं, आणि बघितलं ते जसंच्या तसं सांगणं. आपला गोळा चुकला असेल तर किती चुकला, हे त्याच क्षणी सांगणं. त्यात 'जवळपास पडला' असं काही नसतं.

सप्टेंबर १९६५ ची पानं दादानं मोठ्यानं वाचली. खेमकरणच्या बाजूची उड्डाणं, एकेका दिवसात चार-चार. 'काम' या रकान्यात एकच शब्द: शूट. त्या लढाईत पाकिस्तानचे पॅटन रणगाडे उसात आणि पाणी सोडलेल्या शेतांत अडकले, हे सगळ्यांना माहीत आहे. काका सांगायचे की वरून रणगाडा दिसत नसे, ऊस त्याच्या डोक्यावर असायचा. पण ऊस मोडत तो जिथून आत शिरला, ती वाट दिसायची. वाट आत गेली आणि बाहेर आली नाही, म्हणजे तो आत आहे.

मग १९७१. पूर्व आघाडी, डिसेंबरचा पहिला पंधरवडा. तिथे एका नोंदीपुढे शेऱ्याच्या रकान्यात इंग्रजीत दोनच शब्द होते: 'चेक फायरिंग'. गोळाफेक थांबवा. बाकी सगळ्या पानांवर शेऱ्याचा रकाना रिकामा आहे, म्हणून ते लगेच डोळ्यांत भरलं.

काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, निवृत्त झाल्यावर."

नदीच्या घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर माणसांचा एक लांब तांडा होता. माघार घेणारी फौज नदी उतरून जाणार अशी बातमी होती, तांडा त्याच दिशेनं चालला होता आणि लक्ष्य ठरलं होतं. पहिला गोळा अलीकडच्या शेतात पडला. दुसरा पलीकडे. तिसऱ्यासाठी काका वर आले तेव्हा धुराच्या बाजूला त्यांना गुरं पळताना दिसली. त्यांनी वायरलेसवर 'चेक फायरिंग' दिलं. मागून विचारणा झाली, खात्री आहे का? काका म्हणाले, माघार घेणारी फौज गुरं घेऊन जात नाही. पुन्हा विचारणा झाली. त्यांनी तेच उत्तर दिलं आणि आणखी एक घिरटी घेतली, या वेळी खालून, फार खालून. बायका होत्या, डोक्यावर बोचकी होती.

"त्याबद्दल त्यांना पदक वगैरे काही?" दादानं विचारलं.

"कशाचं? गोळे न टाकल्याचं?" काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता. "पण त्यांना त्याचं काही नव्हतं रे. ते दुसऱ्याच गोष्टीत अडकलेले असायचे. म्हणायचे, या वेळी गुरं होती म्हणून कळलं."

यावर आम्ही कुणीच काही बोललो नाही. ज्या वेळी गुरं नव्हती, त्या सगळ्या 'शूट'च्या नोंदी मांडीवरच्या वहीत होत्याच. मी नंतर स्वयंपाकघरात काकूंना हळूच विचारलं, "तुम्ही कधी विचारलंत त्यांना, बाकीच्या वेळांबद्दल?" त्या म्हणाल्या, "नाही. ते स्वतःला विचारत असणार. मी आणखी कशाला?"

काकांना वीर म्हणून आठवणं सोपं आहे, आणि घरातले बहुतेकजण तेच करतात. श्रद्धांजलीच्या सभेत तसंच झालं. मला मात्र ते पूर्ण वाटत नाही. ज्याच्या शब्दावर तोफा सुटायच्या, त्याला त्या शब्दाचं ओझं पन्नास वर्षं कळत होतं, आणि तरी ते आपलं काम नाकारत नव्हते. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात होत्या.

संध्याकाळी खंडोबाच्या टेकडीवर गेलो. काकूंना पायऱ्या जमत नाहीत, त्या खाली गाडीतच बसल्या. वरून कॅम्प, लष्कराची बैठी बांधकामं, पश्चिमेला डोंगरांची रांग. परतताना गांधीनगरच्या बाजूनं एक हेलिकॉप्टर आलं. तिथल्या धावपट्टीवर लष्कराच्या वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं, उपनगरच्या लोकांना दिवसभर ती घरघर ऐकू येते. 'चीता' असावं. काकांनी सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात तेच चालवलं, डोंगरी भागात. ते मुळात भारतीय सैन्याच्या गरजेसाठी फ्रान्समध्ये घडवलेलं हेलिकॉप्टर, उंचावरच्या विरळ हवेत काम करणारं. शेवटच्या लॉगबुकाच्या मागच्या पानात वर्तमानपत्राचं एक कात्रण सापडलं. मे २०२२ मध्ये याच गांधीनगरला कॅप्टन अभिलाषा बराक यांना विंग्ज मिळाले, लष्कराच्या हवाई शाखेतल्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक म्हणून, त्याची बातमी. काका तेव्हा अठ्ठ्याऐंशीचे. कात्रणाच्या कडेला त्यांनी तारीख घातली होती आणि लिहिलं होतं, 'उत्तम झाले.'

रविवार

सकाळी मिसळ खाऊन रामकुंडावर. २०२७ च्या सिंहस्थाची कामं सुरू आहेत, गाडी लांब लावून चालत जावं लागलं. अस्थी जुलैतच सोडल्या होत्या, पण त्या दिवशी गोदावरीला इतकं पाणी होतं की आमच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत नोंद करायची राहिली होती. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं. जुन्नरकडचे म्हटल्यावर गुरुजींनी आतून एक लांबट, दोऱ्यानं बांधलेली वही आणली.

आमच्या पणजोबांची सही मोडीत. आजोबांची देवनागरीत, आणि त्याखाली १९४४ सालची नोंद, तीर्थयात्रेला आले तेव्हाची, मुलांच्या नावांसह. काकांचं नाव तिसरं. पुढे १९७२. आजोबांच्या अस्थी घेऊन काका आले होते. तेच वळणदार अक्षर: 'फौज, तोफखाना. मुक्काम देवळाली.' युद्ध संपून जेमतेम काही महिने झाले होते. दादानं त्याखाली काकांची नोंद केली, तिथी आणि वर्ष घातलं. हुद्दा लिहू का, असं त्यानं विचारलं. काकू म्हणाल्या, "त्यांनी लिहिलं होतं तेवढंच लिही." त्यानं 'तोफखाना' लिहिलं.

काळारामाचं दर्शन गर्दीत पटकन उरकलं.

दुपारी भोसला मिलिटरी स्कूलवरून गेलो. धर्मवीर डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ साली ही शाळा काढली. काका इथे शिकले, इथल्या भाषेत 'रामदंडी' होते. इथेच ते घोड्यावर बसायला शिकले आणि इथूनच पहाटे उठायची सवय लागली, ती शेवटपर्यंत गेली नाही. सुट्टीचा दिवस होता, फाटकाबाहेरूनच मैदान पाहिलं.

काकूंना ओझरलाही जायचं होतं, तिथे त्यांची मैत्रीण राहते. हायवेनं जाताना एचएएलच्या कारखान्याची लांबच लांब भिंत दिसते. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, नाशिकचे खासदार असताना, १९६४ मध्ये हा कारखाना इथे आला आणि मिग-२१ इथे बनू लागली. ओझर-पिंपळगावच्या दोन पिढ्या त्यावर वाढल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झालं आणि ऑक्टोबरात याच धावपट्टीवरून नाशकात बनलेलं पहिलं तेजस उडालं. काका दोन्ही बघायला नव्हते. मैत्रिणीचे यजमान कारखान्यात तीस वर्षं होते. ते म्हणाले, "कर्नलसाहेब यायचे तेव्हा आम्ही मिगचं सांगायचो आणि ते विचारायचे, त्यातून खालचं दिसतं किती?"

रात्री काकूंनी सकाळी साडेपाचला निघायचं फर्मान काढलं.

सोमवार

नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा बंधारा आणि त्यामागे साठलेलं उथळ पाणी. याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात. पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत ते गेल्याचं जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलंच. चांदोरी सोडल्यावर धुकं इतकं दाट झालं की दादा अंदाजानंच गाडी चालवत होता. रस्त्याच्या दोन्ही अंगाला द्राक्षबागा, थंडीनं मणी तडकू नयेत म्हणून पहाटेच बागांत पाणी सोडून शेकोट्या पेटवलेल्या. चापडगावच्या मनोऱ्यापाशी पोचलो तेव्हा नुकतं उजाडत होतं.

निवृत्तीनंतर काकांनी एक नोकरी पाहिली आणि वर्षभरात सोडली. मग ते इथे येऊ लागले. आधी महिन्यातून एकदा, पुढे हिवाळ्यात दर आठवड्याला. त्यांच्या पक्ष्यांच्या वह्या लॉगबुकासारख्याच आखलेल्या आहेत. तारीख, वेळ, वारा, दृश्यमानता, पक्षी, संख्या. आणि शेवटी एक रकाना, जो मी दुसऱ्या कुठल्याही पक्षिमित्राच्या वहीत पाहिलेला नाही: 'दिसले नाहीत'. त्यात त्या दिवशी अपेक्षित असून न दिसलेल्या पक्ष्यांची नावं.

इथला गाइड गावातलाच, पस्तिशीचा. लहानपणापासून काकांच्या मागे हिंडलेला. "मोजायला त्यांनी शिकवलं," तो म्हणाला. हजार बदकं एकेक करून मोजता येत नाहीत. आधी दहा मोजायची, ती किती जागा व्यापतात ते डोळ्यांत ठेवायचं. मग शंभराचा तुकडा ठरवायचा आणि तो तुकडा थव्यावर पुढे सरकवत न्यायचा. पलीकडच्या टोकाकडून परत मोजायचं. दोन आकड्यांत फरक पडला तर तिसऱ्यांदा. "साहेब म्हणायचे, कमी दिसले तर कमी लिही. सरकार काय म्हणेल ते आपलं काम नाही."

धुकं विरलं आणि पाण्यावरचं एकेक दिसू लागलं. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक. काठाच्या गवतात जांभळ्या पाणकोंबड्या, कमळाच्या पानांवर कमळपक्षी. दूर एका उंचवट्यावर करड्या रंगाचे, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब. मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात ते. काका त्यांच्यावर फार जीव टाकायचे. चीता जिथे धापा टाकायचं, तिथून ही पाखरं आपल्या पंखांवर येतात, असं ते गाइडला सांगत.

शेवटची चार-पाच वर्षं त्यांची दृष्टी गेली. मधला भाग दिसेना, कडेचं तेवढं दिसे. ज्यानं जन्मभर डोळ्यांवर काम केलं, त्याला हे किती लागलं असेल, याची मला कल्पना करवत नाही. काकू सांगत होत्या की पहिले सहा महिने ते घराबाहेर पडले नाहीत. मग एका पहाटे म्हणाले, चल. त्यानंतर ते गाडीतच बसायचे, दार उघडं ठेवून. गाइड मनोऱ्यावरून आकडे सांगायचा, काकू वहीत उतरवायच्या आणि काका प्रश्न विचारायचे. उजव्या काठाकडून मोजलं का? वारा कुठून आहे? उडाले तेव्हा पाय दिसले का? आवाजावरून कधी ते गाइडलाच थांबवायचे: ती चक्रवाकं आहेत, नीट बघ. त्या वर्षांच्या नोंदी काकूंच्या अक्षरात आहेत आणि प्रत्येक पानावर खाली लिहिलेलं आहे: 'स्वतः पाहिले नाही.'

उन्हं वर आल्यावर गाडीच्या बॉनेटवर वह्या पसरून बसलो. काकूंनी थर्मासमधला चहा ओतला. या वह्या गाइडला द्यायच्या, हे त्यांनी आम्हाला न विचारताच ठरवून टाकलं होतं. ते मला मनापासून पटलं. कपाटात ठेवून आम्ही त्यांचं काय करणार होतो?

गाइडनं आपलं रजिस्टर आणलं आणि तो उत्साहानं जुने आकडे ताडून बघू लागला. एका ठिकाणी तो अडखळला. २०१९ च्या जानेवारीतली एक सकाळ. काकांच्या वहीत वारकरी पक्षी अकराशे, त्याच्या रजिस्टरमध्ये नऊशे. "राहू द्या काकू," तो वही मिटत म्हणाला. "साहेबांचाच बरोबर असणार."

"तेव्हापासूनच त्यांना डाव्या डोळ्यानं कमी दिसायला लागलं होतं," काकू म्हणाल्या. "तू मनोऱ्यावर होतास ना? मग तुझा धर."

तो संकोचला. काकूंनी वही पुन्हा उघडून दादासमोर ठेवली. दादानं अकराशेवर एक बारीक रेघ मारली, शेजारी नऊशे लिहिलं, खाली त्या दिवसाची तारीख घातली आणि सही केली.